संस्थांच्या हस्तकलेच्या वस्तू घेताना : मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

गणपती आटोपले की फोन सुरू होतात. "पणत्या कुठल्या संस्थेकडून घ्याव्यात?", "ऑफिससाठी दोनशे भेटवस्तू हव्यात, पण पैसे योग्य ठिकाणी जायला हवेत", "सुनेच्या नव्या घरासाठी एखादं चांगलं चित्र सुचवा". सोसायट्यांमध्ये आणि शाळांच्या हॉलमध्ये अशा वस्तूंची प्रदर्शनं भरवायला मी गेली अनेक वर्षं हातभार लावते आहे. त्यामुळे तेच तेच प्रश्न कानावर येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

संस्थेची वस्तू घेतली म्हणजे दानच केलं ना?

नाही, ती खरेदी आहे. तुम्हाला पणत्या मिळाल्या, करणाऱ्याला मजुरी मिळाली. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं तेच मुळी कुष्ठरुग्णाच्या हाताला भीक नको, काम हवं, या आग्रहातून. तिथे हातमागावर कापड विणलं जातं, शुभेच्छापत्रं होतात आणि ती वस्तू म्हणून विकली जातात.

मी यावर एवढा जोर देते त्याला कारण आहे. 'बिचाऱ्यांनी केलंय' म्हणून घेतलेली वस्तू बहुतेक वेळा माळ्यावर जाते. पुढच्या वर्षी तो माणूस त्या स्टॉलकडे फिरकत नाही, कारण घरात आधीच एक न वापरलेली पिशवी पडलेली असते. उलट ज्या घरात संस्थेकडून घेतलेला ॲप्रन रोज स्वयंपाकघरात वापरला जातो, त्या घरातून दुसरी ऑर्डर येते, मग बहिणीसाठी तिसरी. कार्यशाळा चालते ती या दुसऱ्या-तिसऱ्या ऑर्डरवर. म्हणून आधी वस्तू बघा. तुम्हाला ती हवी आहे का, घरात तिला जागा आहे का, हे ठरवा आणि मग संस्थेची चौकशी करा.

पैसे नेमके कुणाच्या हातात जातात?

हे संस्थेनुसार बदलतं आणि विचारल्याशिवाय कळत नाही. काही ठिकाणी वस्तू करणाऱ्या बायकांना पगार किंवा नगावर मजुरी मिळते. अंधेरी पूर्वेची क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स ही संस्था १९८४ मध्ये सिस्टर इसाबेल मार्टिन यांनी वस्तीतल्या बायकांसाठी सुरू केली ती याच धर्तीवर. कमिला तय्यबजी यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या वुमेन्स इंडिया ट्रस्टचं पनवेलचं केंद्रही बायकांना शिकवून कमावतं करण्यासाठीच आहे. इथे तुमच्या पैशातला एक भाग सरळ मजुरीत जातो.

विशेष मुलांच्या संस्थांचं गणित वेगळं असतं. शाळा संपल्यावर, अठरा वर्षांनंतर, या मुलांनी दिवसभर करायचं काय, हा त्यांच्या आईवडिलांना छळणारा प्रश्न असतो. कार्यशाळा हे त्याचं एक उत्तर. तिथे मुलाला विद्यावेतन मिळतं. ते बहुधा मोठं नसतं. विक्रीतून आलेले बाकीचे पैसे कच्चा माल, शिक्षकांचे पगार, जाण्यायेण्याची बस यांत जातात. कुणी म्हणेल, मग मुलाला काय मिळालं? सकाळी डबा घेऊन कामाला जायला मिळालं, महिन्याच्या शेवटी स्वतःची कमाई आईच्या हातात ठेवता आली. मी अशा आयांशी बोलले आहे. त्यांच्या लेखी ही कमाई लहान नाही.

तिसरा प्रकार म्हणजे वस्तू कुणी का केलेली असेना, विक्रीचा नफा कामासाठी वापरायचा. क्राय ही संस्था रिपन कपूर यांनी १९७९ मध्ये मुंबईत सुरू केली. तिची शुभेच्छापत्रं आपल्यापैकी अनेकांनी विकत घेतली असतील. त्यातून मुलांसाठीच्या कामाला पैसा उभा राहायचा.

स्टॉलवर उभं राहून सरळ विचारा, "हे कुणी केलं? त्यांना नगाला किती मिळतात?" चांगल्या संस्थेला या प्रश्नाचा राग येत नाही. तिथली ताई बहुतेक वेळा हातातलं काम बाजूला ठेवून सगळं सांगते.

'विक्रीतला काही हिस्सा समाजकार्यासाठी' असं लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवावा का?

किती हिस्सा, कोणत्या संस्थेला आणि विक्रीतला की नफ्यातला, हे तिन्ही लिहिलेलं असेल तर ठेवावा. नुसतं 'काही हिस्सा' असेल तर वस्तू आवडली तरच घ्या. त्यातून कुणाला मदत होते आहे असं धरून चालू नका. विक्रीच्या पाच टक्के आणि नफ्याच्या पाच टक्के यांत फार मोठं अंतर असतं.

संस्था खरी आहे हे कसं तपासायचं?

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे होते. मुंबईत ते कार्यालय वरळीला आहे. नोंदणी क्रमांक पावतीवर किंवा माहितीपत्रकावर छापलेला असतो, नसेल तर मागा. काही संस्था न्यास नसून ना-नफा कंपनी किंवा सहकारी संस्था असतात. त्यांचा क्रमांक वेगळ्या कार्यालयाचा असतो, म्हणून लगेच शंका घेऊ नका.

पण कागदापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते पत्ता आणि वार्षिक अहवाल. जिथे काम चालतं ती जागा दाखवायला संस्था तयार आहे का? मागच्या वर्षीचा अहवाल मागितला तर देते का? मुंबईतल्या बऱ्याच कार्यशाळा आधी फोन केला तर येऊ देतात. जाल तेव्हा काम करणाऱ्यांचे फोटो न विचारता काढू नका. तिथे बसलेली माणसं कामावर आहेत आणि आपल्या ऑफिसात अनोळखी माणसाने येऊन असे फोटो काढलेले आपल्यालाही चालणार नाहीत.

खरेदीवर ८०जीची पावती मिळते का?

मिळत नाही. ८०जी म्हणून ओळखली जाणारी आयकरातली सवलत देणगीसाठी आहे. पैशाच्या बदल्यात वस्तू घेतली की ती देणगी राहत नाही. वस्तूच्या किमतीवर वेगळी रक्कम द्यायची असेल तर तिची स्वतंत्र पावती घ्या. दोन हजारांवरची देणगी रोख दिली तर सवलत लागू होत नाही. नव्या करप्रणालीत भरणा करत असाल तर ही वजावट तुम्हाला मुळातच नाही.

मुंबईत या वस्तू मिळतात कुठे?

शिवडीची जय वकील ही १९४४ पासूनची, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीची संस्था. त्याच क्षेत्रातलं दुसरं नाव ओम क्रिएशन्स. अंध व्यक्तींसाठी नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे. तिची स्थापना १९५२ ची, कार्यालय वरळीला. जोगेश्वरीला त्यांचं एम. एन. बनाजी इंडस्ट्रियल होम आहे. कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून रुग्णांसाठी काम करते आणि रुग्णांना, त्यांच्या घरच्यांना कमाईचं साधन देण्याकडेही तिचं लक्ष असतं. वुमेन्स इंडिया ट्रस्ट आणि क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स यांची नावं वर आलीच आहेत. ॲप्रन, उशांचे अभ्रे, टेबलावरची कापडं अशा घरगुती शिवणकामासाठी मी आधी यांचीच नावं सांगते. कुठेही जाण्याआधी फोन करा. विक्रीच्या वेळा बदलत असतात आणि भर उन्हात बंद दारापुढे उभं राहायला नको.

प्रदर्शनांत 'महालक्ष्मी सरस' चुकवू नका. राज्यभरातल्या बचत गटांच्या बायका आपला माल घेऊन मुंबईत येतात. बहुतेक लोक तिथे जेवायला जातात आणि पिशवीभर पापड-मसाले घेऊन परततात. पण बांबूच्या परड्या, घोंगड्या आणि गोधड्यांचे स्टॉलही असतात. तिथे गर्दी कमी असते, निवांत बोलता येतं. पारंपरिक कारीगर ही रोशन कलापेसी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली संस्था देशभरच्या कारागिरांना छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारातल्या कुमारस्वामी हॉलमध्ये आणत आली आहे. तिथे करणारा माणूस स्वतः समोर बसलेला असतो. काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून भरतो, बहुधा फेब्रुवारीत. तिथल्या स्टॉलमध्ये संस्था असतात तसे व्यापारीही असतात, तेव्हा विचारून घ्या.

कारागृहांतल्या बंद्यांनी केलेल्या वस्तूही दिवाळीच्या सुमारास विक्रीला येतात. लाकडी सामान दणकट असतं. आणि धारावीचा कुंभारवाडा ही काही संस्था नाही, पण पणत्या घ्यायच्याच तर ज्याच्या चाकावर त्या उतरल्या त्याच्याकडून घेण्यात मला तरी फार समाधान वाटतं.

तोंडाने आणि पायाने काढलेल्या चित्रांची कार्डं येतात. ती पाठवणारी संघटना धर्मादाय संस्था आहे का?

नाही, आणि ते कलाकारही तसं म्हणवून घेत नाहीत. १९५६ मध्ये एरिक स्टेगमान यांच्या पुढाकाराने या चित्रकारांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली. ती कलाकारांच्या मालकीची आहे. चित्रं विकून आलेल्या पैशातून त्यांना उत्पन्न मिळतं. ते दया मागत नाहीत, कामाचं मोल मागतात. कार्ड आवडलं तर घ्या, नाही आवडलं तर नको म्हणा. कुठल्याही चित्रकाराच्या चित्राला आपण हाच न्याय लावतो.

वारली चित्र हाताने काढलेलं की छापलेलं, कसं ओळखायचं?

या प्रश्नाला सविस्तर उत्तर देते, कारण मुंबईत वारलीच्या नावाखाली चहाच्या कपापासून चपलेपर्यंत काहीही विकलं जातं आणि त्यातला रुपयाही डहाणू-जव्हारच्या घरात पोचतोच असं नाही.

चित्र उजेडाकडे तिरकं धरा. हाताने काढलेल्या रेषेला जाडी असते. काडी टेकली तिथे पांढऱ्याचा बारीक उंचवटा येतो आणि रेष संपता संपता पातळ होते. छापील चित्रात सगळा पांढरा रंग एकाच पातळीवर सपाट बसतो. मग तारपा नाचाचा फेर बघा. हाताच्या चित्रात प्रत्येक नाचणारा थोडा वेगळा असतो. कुणाचा गुडघा जास्त वाकलेला, कुणाचा अंबाडा मोठा, एखाद्या ठिकाणी दोघांमधली जागा कमी पडल्यामुळे हात आखडलेला. छापील फेरात एकच माणूस पुन्हा पुन्हा येतो. मागची बाजूही बघा. कापड किंवा कागद गेरूने हाताने रंगवलेला असेल तर कडेला फटकारे दिसतात.

मुळात हे काम लग्नघराच्या भिंतीवर होत असे. गेरू-शेणाने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पाण्याने, टोक ठेचलेल्या काडीने चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहायचा आणि तो लिहायच्या त्या बायका. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणि मग जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. आजचे चित्रकार कापडावर टिकाऊ पांढरा रंग वापरतात. त्यात फसवणूक काही नाही, तांदळाचं पीठ कापडावरून झडतं.

चित्राच्या कोपऱ्यात सही आहे का ते बघा आणि चित्रकाराचं नाव, गाव विचारा. विकणाऱ्याला ते सांगता आलं नाही, तर चित्र सुंदर असलं तरी त्याचे पैसे कुठे जाणार हे तुम्हाला कळणार नाही. चर्चगेटहून डहाणूपर्यंत लोकल जाते. एखाद्या रविवारी चित्रकाराच्या घरी जाऊन चित्र आणणं मुंबईकराला सहज जमण्यासारखं आहे. जाण्याआधी फोन करा आणि भाव पाडू नका.

भाव का करायचा नाही? दुकानात तर करतोच.

व्यापाऱ्याने भाव वाढवून सांगितलेला असतो, म्हणून तिथे घासाघीस चालते. इथे बहुतेक वेळा किंमत कच्चा माल आणि मजुरी जोडून काढलेली असते. तुम्ही शंभर रुपये कमी केलेत तर कापडाचा भाव कमी होत नाही, मजुरी कमी होते.

गोधडीचं बघा. दोन माणसांची गोधडी म्हणजे जुन्या सुती साड्या धुऊन, वाळवून, थरावर थर लावायचे, कडा टाचून घ्यायच्या आणि मग बोटभर अंतरावर धावदोरा घालत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायचं, परत यायचं. घर सांभाळून हे काम करणाऱ्या बाईचे पंधरा-वीस दिवस सहज जातात. आता कुणी 'हाताची गोधडी' सहाशे रुपयांत देत असेल, तर सहाशेला पंधराने भागा. एकतर ती मशीनवर शिवलेली आहे, नाहीतर त्या बाईला दिवसाला चाळीस रुपयेसुद्धा मिळालेले नाहीत. उलटून बघितलं की समजतं. हाताचा टाका मागून पुढून जवळपास सारखा, किंचित लहानमोठा आणि कापडाला चुण्या पाडणारा असतो. मशीनची ओळ आखीव आणि घट्ट बसलेली असते.

किंमत खिशाला जड वाटली तर लहान वस्तू घ्या. बाळाची दुपटी, उशीचा अभ्रा, चार पायपुसणी. त्या बाईला तेही चालतं.

आमच्या आजीच्या साड्या आहेत. त्यांची गोधडी करून मिळेल का?

मिळते. बचत गटांना आणि शिवणकाम करणाऱ्या अनेक संस्थांना विचारून बघा. साड्या सुती हव्यात. नायलॉन आणि जॉर्जेट मध्ये घातलं तर थर सरकतात. विरलेली साडी आतल्या थराला चालते, वरच्याला नाही. धुऊन द्या आणि आधी मजुरी ठरवा. कापड तुमचं आहे म्हणून कष्ट कमी होत नाहीत.

विशेष मुलांनी केलेल्या वस्तूंचं फिनिशिंग कच्चं असतं. तरी घ्यायच्या?

कच्चं असेल तर घेऊ नका आणि का घेतली नाही ते संस्थेला सांगा. 'हँडल लवकर तुटेल असं वाटतं' हे त्यांना कळलं तर पुढची पिशवी सुधारते. गोड हसून निघून गेलात तर सुधारत नाही. हाताच्या कामातला वेगळेपणा मात्र वेगळा ओळखा. ठशांच्या छपाईत दोन ठसे जुळतात तिथे रंग किंचित गडद होतो, पणतीवरचा ठिपका थोडा सरकलेला असतो. हा दोष नव्हे. उसवणारी शिवण, हलणारा पाय, हाताला लागणारा रंग, हे दोष.

चांगल्या कार्यशाळांत काम तुकड्यांत वाटलेलं असतं. एक जण फक्त पणतीला पांढरा हात देतो, दुसरा फक्त कडेची रेष ओढतो. ज्याला रेष जमते त्याची रेष इतकी स्थिर असते की बघत राहावं.

लहान मुलांकडून काम करून घेतलं जात नाही ना?

विचारायलाच हवं. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे. शाळेतल्या मुलांनी कलेच्या तासाला केलेली कार्डं विकणं वेगळं आणि मुलांवर ऑर्डरचं ओझं टाकणं वेगळं. मोठी ऑर्डर देणार असाल तर काम करणाऱ्यांचं वय विचारून घ्या.

ऑफिससाठी दिवाळीच्या दोनशे भेटी हव्यात. कधी सांगावं?

गणपतीच्या आधी, जुलैत सांगितलं तर उत्तम. कार्यशाळेचा वेग कारखान्याचा नसतो आणि पावसात पणत्यांचा रंग वाळायला वेळ लागतो. दसऱ्यानंतर आलेली मोठी ऑर्डर संस्था नाकारत नाही, कारण नाकारणं परवडत नाही. मग बायका रात्री जागतात. निम्मे पैसे आगाऊ द्या, नमुना मंजूर करा आणि नंतर रंग बदलायला सांगू नका.

कंपन्यांचे लोक विचारतात, हा खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीने समाजकार्यावर करायच्या खर्चात, धरता येईल का? कर्मचाऱ्यांना किंवा ग्राहकांना द्यायच्या भेटी सीएसआर होत नाहीत, त्या नेहमीच्या भेटवस्तूंच्या खर्चातून घ्या. आणि एक विनंती, दिवाळीची ऑर्डर दिलीत तर मार्चमध्ये डायऱ्या, फोल्डर, कापडी पिशव्याही तिथूनच घ्या. जानेवारी ते जून हा काळ या कार्यशाळांना जड जातो.

मुंबईच्या दमट हवेत या वस्तू टिकतात का?

टिकतात, थोडी काळजी घ्यावी लागते. चित्र पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका. ओल आधी तिथेच येते. आतल्या भिंतीवर लावा आणि चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या टिकल्या चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळती राहते. काच लावताना चित्र काचेला टेकू देऊ नका, मध्ये पुठ्ठ्याची पट्टी घालायला सांगा. टेकलेल्या ठिकाणी बुरशी धरते.

बांबूच्या वस्तूखाली पिठासारखी भुकटी दिसली की आत भुंगेरे आहेत असं समजा. घेतानाच विचारा, बांबूवर बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया केली आहे का? केलेली असेल तर सहसा त्रास होत नाही. वेताच्या खुर्चीची जाळी सैल पडली तर खालच्या बाजूने ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळू द्या. वाळताना वेत आवळतो. जाळी तुटली असेल तर खुर्ची टाकू नका. वेत विणण्याचं काम अंध कारागीर पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. बोटांनी चाचपत उभ्या, आडव्या, तिरक्या पट्ट्या ओवून ते अशी जाळी विणतात की कुठेही एक भोक लहानमोठं होत नाही.

ठशांच्या छपाईचं कापड पहिल्यांदा वेगळं, गार पाण्यात धुवा. साध्या पणत्या वापरण्याआधी काही तास पाण्यात भिजवून वाळवा, म्हणजे तेल कमी पितात. रंगवलेल्या पणत्यांना मात्र आधी विचारून पाणी लावा.

दारावर किंवा गाडीत कुणी संस्थेचं नाव सांगून वस्तू विकतं, घ्यावी का?

स्वतःच्या जिवावर किचेन, लायटर विकणारा अंध विक्रेता हा दुकानदारच आहे. वस्तू हवी असेल तर हक्काने घ्या आणि सुटे पैसे हातात मोजून द्या. संस्थेच्या नावाने आलेल्या माणसाकडे मात्र ओळखपत्र, छापील पावती आणि कार्यालयाचा फोन मागा. तिथल्या तिथे फोन लावून खात्री करा. खरा कार्यकर्ता थांबतो.

घरभरणीला किंवा लग्नाला अशी वस्तू दिली तर लोकांना स्वस्तातली वाटेल का?

करणाऱ्याचं नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी सोबत ठेवा. बहुतेक संस्था ती देतात, नसेल तर स्वतः लिहा: 'ही चादर पनवेलच्या केंद्रात छापली आहे.' घेणाऱ्याला तेवढं पुरतं. आणि बिल जपून ठेवा. रंग उतरला किंवा शिवण उसवली तर संस्था बदलून देतात, पण कुठल्या खेपेतली वस्तू आहे ते त्यांना कळावं लागतं.